दोनशे चौदा क्रमांकाचे अभिप्राय

मित्रांनो, मी एका वाचनालयाची जुनी अभिप्राय वही आहे आणि मला स्वस्थ बसता येत नाही. माझे सगळे आयुष्यच थरथरण्यात गेले. कोल्हापुरात शाहूपुरीच्या एका गल्लीत आमचे वाचनालय आहे. खाली पिठाची गिरणी आणि वर आम्ही. गिरणी सुरू झाली की कपाटे हलत, टेबल हले आणि टेबलावर मीही हले. मार्चमध्ये चटणीचे दिवस आले की खालचे कांडप यंत्र सुरू होई आणि सगळे वाचक एकदम शिंकू लागत. अजूनही माझ्या पानांच्या शिवणीत मिरचीची पूड आहे. मला उघडताना जरा जपून उघडा.

१९९६ साली ग्रंथपाल नृसिंहरावांनी मला स्टेशनरीच्या दुकानातून आणले. पहिल्या पानावर त्यांनी सुंदर अक्षरात लिहिले, 'वाचलेल्या पुस्तकाविषयी मोकळेपणाने लिहावे. खाली सभासद क्रमांक टाकावा.' मग सुतळीने एक बॉलपेन माझ्या कडेला बांधले. मला फार आनंद झाला. आता शहरातले शहाणे लोक माझ्या अंगावर आपली मते लिहिणार, असे मला वाटले.

शहाण्या लोकांनी काय लिहिले, सांगू? 'छान.' 'वाचनीय.' 'उत्तम पुस्तक, पण पान ४० फाटले आहे.' एका गृहस्थांनी तर सलग तीन वर्षे प्रत्येक पुस्तकाला 'ठीक' असे लिहिले. मी कंटाळून गेले. कोरी राहिले असते तरी इतकी कंटाळले नसते.

आणि मग दोनशे चौदा क्रमांक आला.

हा क्रमांक होता गणपती नावाच्या टेंपोचालकाचा. आमच्याकडे एका घराला एकच कार्ड मिळे आणि ते घरातल्या कर्त्या पुरुषाच्या नावावर करण्याची रीत होती. पण गणपतीने वाचनालयाचा जिना एकदाच चढला होता, कार्डावर सही करायला. पुस्तके बदलायला येई त्याची बायको मीनाबाई. ती शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत कोअर करायची. लोखंडी वस्तू ओतताना आत पोकळी राहावी म्हणून साच्यात वाळूचा एक गोळा ठेवतात, तो कोअर. सुट्टीच्या दिवशी ती पिठाचा डबा गिरणीत ठेवायची आणि दळण होईपर्यंत वर यायची.

तिला विज्ञानकथांचे वेड होते. ते कपाट खिडकीशेजारी होते आणि त्याला दुसरे कुणी फारसे हात लावत नसे. तिचा पहिला अभिप्राय मला अजून पाठ आहे. 'या गोष्टीत सन २०५० चा कारखाना आहे. तो फार स्वच्छ आहे. लेखकाने लोखंडाचा रस ओतताना कधी पाहिलेला दिसत नाही. यंत्रमानवाला घाम येत नाही, तर मग तो दुपारी एक तास थांबतो कशाला? मी चिडले, पण पुस्तक पुरे केले. क्र. २१४.'

मी ताडकन जागी झाले. हे काहीतरी वेगळे होते!

पुढच्या वेळी तिने अवकाशप्रवासाची कादंबरी नेली. तिच्याविषयी लिहिले, 'चाळीस वर्षांचा प्रवास आहे. यानात एकच बाई आहे आणि तीही नुसती घाबरते. भांडी कोण घासतो ते शेवटपर्यंत कळले नाही. पण ग्रहावर उतरल्यावर त्यांना पहिल्यांदा वारा लागतो, ते पान मी तीन वेळा वाचले.' एका प्रवासवर्णनावर तिने लिहिले, 'लेखक जपानला गेले आणि चहावर अकरा पाने लिहून परत आले.' एका नामवंत माणसाच्या आत्मचरित्रावर एवढेच, 'बायकोचे नाव पान १७२ वर पहिल्यांदा आले.' मी हसत सुटायची. खालच्या गिरणीमुळे कुणाला ते कळायचे नाही, एवढेच.

शार्दूल नावाचा एक कॉलेजातला मुलगा होता. त्याने तिच्या अभिप्रायाखाली ऐटीत लिहिले, 'विज्ञानकथा समजायला आधी विज्ञान यावे लागते.' पंधरा दिवसांनी तिचे उत्तर आले. 'कोअर ओला राहिला तर ओतताना वाफ अडकते आणि माल वाया जातो. कधीकधी रस उसळून माणूस भाजतो. म्हणून आम्ही कोअर नीट वाळवतो. हे विज्ञान नाही तर काय आहे?' शार्दूलने ते वाचले, डोके खाजवले आणि पेन जागेवर ठेवून दिले.

एकदा तिने काळाच्या यंत्राची गोष्ट वाचली. त्या दिवशी ती बराच वेळ पेन हातात धरून बसली होती. दळण झाल्याची हाक खालून दोनदा आली. मग तिने लिहिले, 'हा माणूस मागे जातो आणि राजाच्या दरबारात उतरतो. मला ते यंत्र मिळाले असते तर मी नेसरीच्या शाळेत उतरले असते. दहावीच्या पेपरला बसले असते. पेपरच्या आठवड्यात माझे लग्न झाले. मला कुणी विचारले नाही.' शाई जरा पसरली होती. ते पान मी आजही घट्ट धरून आहे.

सात वर्षांत तिने माझ्यात त्र्याण्णव अभिप्राय लिहिले. २००३ साली वाचनालयाचा वर्धापनदिन आला आणि समितीने 'चोखंदळ वाचक' असे बक्षीस द्यायचे ठरवले. चिटणीसांनी मला मागवून घेतले. मला वाटले, अखेर कुणीतरी मला वाचणार. मित्रांनो, त्यांनी मला वाचले नाही. बोटाला थुंकी लावून त्यांनी माझी पाने उलटली आणि कोणता क्रमांक किती वेळा आला ते मोजले. मग नोंदवहीत दोनशे चौदासमोरचे नाव पाहिले.

नृसिंहराव चाचरत म्हणाले, "सर, अभिप्राय त्यांच्या मिसेस लिहितात."

"कार्ड कुणाच्या नावावर आहे?"

"गणपतींच्या."

"झालं तर मग. पत्र त्यांच्या नावानं जाऊ दे."

नृसिंहराव माणूस भला, पण समितीपुढे त्यांचा आवाज निघत नसे. त्यांनी पत्र लिहिले. मी टेबलावर तडफडत होते. अहो, दर दोन ओळींनंतर 'मी चिडले', 'मी हसले' असे लिहिले आहे, एक तरी पान वाचा! पण वहीचे कोण ऐकतो?

समारंभाला गणपती इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आला. गल्लीतली पाच-सहा माणसेही बरोबर घेऊन आला होता. मीनाबाई मागच्या रांगेत होती. मला व्यासपीठावर शाल आणि नारळाच्या शेजारी ठेवले होते, त्यामुळे मला सगळे दिसत होते. 'क्रमांक दोनशे चौदा' असे पुकारले गेले तेव्हा ती अर्धवट उठली. पुढे गणपती हसत हसत व्यासपीठाच्या पायऱ्या चढत होता. ती पुन्हा खाली बसली.

पाहुण्यांनी शाल घातली आणि ते म्हणाले, "विज्ञानकथांविषयी दोन शब्द बोला."

गणपतीला दरदरून घाम फुटला. "वाचन चांगलं आसतं," तो म्हणाला. "समद्यांनी वाचावं." टाळ्या पडल्या. तो खाली उतरल्यावर शार्दूलने येऊन त्याचा हात हातात घेतला. "काका, त्या ओल्या कोअरचं तुमचं म्हणणं मला पटलं हां."

"कसला कोअर?" गणपती म्हणाला. मीनाबाई तोवर निघून गेली होती.

त्यानंतर ती आलीच नाही. एक महिना गेला, दोन गेले, चार गेले. नवी पुस्तके आली, त्यात पाच विज्ञानकथांची होती. जिन्यावर पाऊल वाजले की मी उघडू पाहायची आणि यायचे ते 'ठीक'वाले गृहस्थ. मला राग येत होता. चिटणीसांचा, नृसिंहरावांचा, गणपतीचा आणि खरे सांगायचे तर तिचाही. त्या दिवशी उठून उभी का राहिली नाहीस, असे मला तिला विचारायचे होते. पण गल्लीतली माणसे घेऊन आलेल्या नवऱ्याला भर सभेत खाली बघायला लावणे तिला जमले नसेल. हे मला उशिरा समजले.

पाचव्या महिन्यात गणपती एकटाच आला. तिचे शेवटचे पुस्तक परत करायला.

"सर, हिनं वाचायचंच सोडलंय," तो नृसिंहरावांना म्हणाला. "इचारलं तर बोलत बी न्हाय. त्यो पोरगा कोअर-कोअर म्हणत हुता, तवापासनं माझ्या डोस्क्यात किडा वळवळतोय. त्या वहीत हिनं काय लिवलंय का?"

नृसिंहरावांनी मला त्याच्यापुढे ठेवले. तो उभ्या उभ्या वाचू लागला. एकेका शब्दावर बोट ठेवून, ओठ हलवत. भांड्यांचे वाचून फसकन हसला. काळाच्या यंत्राच्या पानावर त्याचे बोट थांबले आणि किती तरी वेळ ते पुढे सरकलेच नाही.

"धाव्वीला बसायचं हुतं व्हय हिला?" तो म्हणाला. "मला कवा बोलली न्हाय की."

"पत्र तुमच्या नावानं जायला नको होतं," नृसिंहराव म्हणाले. "मला ठाऊक होतं, पण मी गप्प बसलो. कार्ड तुमचं, म्हणून..."

"आवो, कार्ड माझं आसंल. डोस्कं तिचं हाय न्हवं!" गणपती ओरडला. खालची गिरणी चालू असूनही सगळ्या वाचकांनी माना वर केल्या. "मी आपलं, पुस्तकं टायमात परत येत्यात म्हणून बक्षीस दिलंय, आसं समजलो. लाज काढली की माझी, आन् तिचीबी."

पुढच्या सुट्टीला दोघे आले. नृसिंहरावांनी एका घराला एकच कार्ड ही रीत मोडून मीनाबाईच्या नावाचे वेगळे कार्ड तयार ठेवले होते आणि चुकल्याबद्दल हात जोडले. तिने कार्ड घेतले, पण कपाटाकडे गेली नाही. ती माझ्यापाशी बसली आणि तिने मला पहिल्या पानापासून उघडले.

"नवीन पुस्तक न्हाय व्हय घ्यायचं?" गणपतीने विचारले.

"आधी ह्ये करू द्या," ती म्हणाली.

आपला पहिला अभिप्राय शोधून तिने 'क्र. २१४' च्या पुढे सावकाश लिहिले, 'मीनाबाई'. मग दुसरा शोधला. त्याखालीही लिहिले. तिसरा, चौथा. दळण झाल्याची हाक आली तेव्हा तिचे पेन थांबले.

"तू लिही की," गणपती म्हणाला, "डबा मी आनतो." तो खाली गेला, डबा घेऊन वर आला आणि तो मांडीवर धरून बाकावर बसून राहिला. त्र्याण्णव ठिकाणी नाव लिहायला तिला तीन सुट्ट्या लागल्या. तिन्ही वेळा तो बसला होता. माझ्या अंगावर तिची अक्षरे उमटत होती आणि त्या तीन दिवसांत मी जरासुद्धा थरथरले नाही.

मित्रांनो, २००९ साली वाचनालयात संगणक आला आणि मी कपाटात गेले. पुढच्या आठवड्यात जुने कागद रद्दीत काढायचे आहेत, असे कालच कानावर आले. समिती नवी आहे. मी किती जुनी आहे, माझी किती पाने सुटली आहेत, हे ती मोजेल. मोजून काय कळते, ते मी एकदा पाहिले आहे. तुमच्यापैकी कुणी त्या वेळी तिथे असाल तर एवढेच करा. मला खिडकीपाशी न्या, मिरचीची पूड फुंकून काढा आणि मीनाबाईचे अभिप्राय पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचा. वाचल्यानंतरही मला टाकावेसे वाटले, तर माझी काही तक्रार नाही.