बौरोच्या खड्ड्यात पांढरी वाळू

"खारट झालेले सगळे खड्डे सरकार बुजवणार म्हणे, आणि बदल्यात प्रत्येक घराला..." दोन बाया माझ्या काठावरून बोलत गेल्या. पुढचं वाऱ्याने नेलं. मी एक खड्डाच, त्यामुळे जिवाला घोर लागला.

माझा मालक बौरो. त्याच्या आज्याने या बेटावर शिंपल्यांनी पोवळ्याचा खडक खरवडून मला खोदलं, तळाला गोडं पाणी लागेपर्यंत. माझ्यात बाबई लावतात, अळूचाच थोराड भाऊ, पानं माणसाहून उंच. लग्नाला, मयताला घरच्या बाबईचा गड्डा वाढला नाही, तर घराची मान खाली. एरवी सगळे बोटीच्या तांदळावर. बोट लांबली की मात्र माझी आठवण व्हायची.

बाबईला कोणता पाला कुजवून घालायचा, हे इथे ज्या त्या घराचं गुपित. बौरो पाला आणायचा तो टोपलीवर चटई टाकून. बायकोलाही पत्ता नाही.

मग दोन उधाणं गावावरून गेली. गावातले खड्डे खारटले, मीही खारटलो, बाबई पिवळी पडली. शेतीखात्याची रूतियाना खार सोसणारी रोपं घेऊन आली.

"आजोबा, तुमचीच बाबई तेवढी तग धरून आहे. पाला कोणता घालता?"

"तुझ्या आज्याने नाही सांगितलं?"

"सांगायच्या आधीच गेला."

"मग त्याचा वारसा माझ्याकडे मागतेस होय?" बौरो हसला. पण पोर उठेना. "बरं, लिही. नारळाच्या ओल्या झावळ्या."

साफ खोटं. तो घालायचा नीरफणसाची वाळलेली पानं. मी आतल्या आत कळवळलो, पण खड्ड्याचं कोण ऐकतो?

रूतियानाने गावभर तोच पाला सांगितला. खात्याची रोपं म्हणून लोकांनीही घरचा सोडून खात्याने सांगितलेलाच पाला घातला. तीन महिन्यांत रोपं मुळाशी कुजली. वर कागद गेला: इथे बाबई होत नाही, सगळे खड्डे बुजवा.

बौरो धापा टाकत रूतियानाकडे गेला, परत आला तो माझ्या काठावर बसूनच राहिला. बायकोने विचारलं, "काय म्हणाली?"

"खरा पाला सांगितला. तिने वहीसुद्धा उघडली नाही. म्हणाली, आजोबा, आता रोपंच उरली नाहीत."

त्या बायांचं बोलणं अर्धंच खरं ठरलं. प्रत्येक घराला चांगल्या मातीची एक पेटी मिळायची होती. बोट आली, तांदूळ उतरला, पेट्या नाहीत. खड्डे बुजवायची वाळू मात्र आली.

आज ती माझ्यात कमरेएवढी आहे. कोपऱ्यात बाबईचं एक पान उरलंय. बाबांनो, तुम्हाला काही येत असेल तर वेळेवर कुणाच्या तरी कानी घाला.

बौरो अजून रोज पाला आणतो. आता टोपलीवर चटई नसते. बघायला कुणी थांबत नाही.