चौकटीतला बाक

थोरल्या मिस्त्रींनी उभ्या आयुष्यात कुणाच्या कामाला उगीच चांगलं म्हटलं नव्हतं, आणि तपासल्याशिवाय वाईटही म्हटलं नव्हतं. त्यामुळे त्यांनी एखाद्या दाराला नाव ठेवलं, की त्या दाराचं भवितव्य संपलंच.

कंपवात झाला तोही आडवळणाचा. हात अजून रंधा सरळ चालवायचे. पाय मात्र फितूर झाले. मोकळ्या रस्त्यावर खुरडत का होईना चालायचे, पण दार आलं की तळवे फरशीला खिळायचे. धड पुढे निघालेलं, पाय मागेच. ‘या आजारात होतं असं,’ डॉक्टर म्हणाले होते. हे ठाऊक फक्त बायकोला. इतरांसाठी मिस्त्रींनी युक्ती काढली होती: पाय अडला की चौकटीवर हात फिरवायचा, वर बघायचं आणि ‘हुं’ करायचं. लोक म्हणायचे, म्हाताऱ्याची नजर अजून कामावरच.

सलूनवाल्याच्या नव्या दुकानात हे नाटक अंगाशी आलं. चौकट धाकट्या भावानं बसवलेली. भरल्या दुकानात मिस्त्री दारात अडकले. हात फिरवला, वर पाहिलं, ‘हुं’ झालं. पाय सुटेना.

मागून एक गिऱ्हाईक म्हणालं, “मिस्त्री, आत जाताय की दाराला टेकू देताय?”

दुकान हसलं. मिस्त्रींची कानशिलं तापली आणि तोंडातून निघून गेलं, “चौकट ओळंब्यात नाही. बाक आहे.”

सलूनवाल्याला एवढं पुरे. गळ्याशी वस्तरा असलेल्या माणसाला ऐकण्यावाचून गत्यंतर नसतं. सख्खा भाऊच म्हणतोय, हे बघता बघता साऱ्या बाजारात झालं, आणि धाकट्याची ठरलेली कामं दुसरीकडे वळली.

धाकटा भांडायला आला असता तर बरं झालं असतं. तो आला आणि ओट्यावर टेकला.

“दादा, ओळंबा लावून लावून बघितला. मला बाक सापडत नाही. पण तुला दिसला म्हणजे असणारच. उद्या चौकट उखडतो. फक्त कुठल्या अंगाला, तेवढं सांग.”

मिस्त्री रंध्याचं पातं पुसत राहिले. खरं बोलायला याहून चांगली वेळ मिळणार नव्हती.

“डाव्या,” ते म्हणाले.

धाकटा गेल्यावर बायकोनं ताट वाढलं, जरा आपटूनच. “अहो, आता अडाल ते प्रत्येक दार उखडायला लावणार का? मग आपल्यापासूनच सुरू करा. इथंही रोज अडता.”

मिस्त्रींनी ताट बाजूला सारलं.

सकाळी ते सलूनपाशी पोचले तेव्हा धाकट्यानं डाव्या अंगाचा गिलावा फोडला होता आणि पहार फटीत घातली होती. गिऱ्हाइकं खुर्च्या वळवून तमाशा बघत होती.

“थांब,” मिस्त्री रस्त्यावरूनच म्हणाले. “चौकट सरळ आहे.”

“मग काल डाव्या अंगाला...”

“खोटं सांगितलं. बाक माझ्यात आहे. कंपवात झालाय मला. दारात पाय उचलत नाही. त्या दिवशी उचलला नाही, म्हणून तुझ्या कामावर ढकललं.”

कुणी हसलं नाही. हसले असते तर सोसलं असतं. सलूनवाला स्वच्छ वस्तरा पुन्हा पुसू लागला.

सगळ्यांसमोर मिस्त्री दारापाशी आले आणि अडकले. या वेळी चौकटीला हात लावला नाही. मान खाली घालून नुसते उभे राहिले, शाळेत वर्गाबाहेर काढलेल्या पोरासारखे.

धाकट्यानं पहार खाली ठेवली. “डॉक्टर काही म्हणाले असतील की.”

“समोर आडवं काही असलं की ओलांडता येतं म्हणे.”

धाकट्यानं त्यांच्यापुढं आपला पाय आडवा टाकला. “हं. ओलांड.”

मिस्त्रींचा गुडघा वर आला. भावाच्या पायावरून पाऊल पलीकडे पडलं, दुसरं त्याच्यामागे, आणि ते आत आले. धाकट्यानं त्यांच्याकडे पाहिलं नाही. तो फोडलेल्या भिंतीचे तुकडे गोळा करत होता.

“एवढं उगाच फोडलं मी.”

“हो.”

“मग सिमेंट कालव. बसून कालव.”

मिस्त्री बसले आणि त्यांनी घमेलं जवळ ओढलं. मान काही लवकर वर झाली नाही.