लिंबोणीच्या चरातला पाईप

मी एक जुना पाईप आहे. मित्रांनो, मांजरसुंब्याजवळच्या एका उताराच्या बागेत मी हातभर मातीखाली आहे, म्हणून तुम्हाला फक्त माझं तोंड दिसेल.

नऊ वर्षं मी बोअरचं पाणी हौदात आणलं. जरा गळलो की बागेच्या मालकीण सुभद्राबाई लगेच चिंधी बांधायच्या. मग बोअर आटलं आणि मी गोठ्यामागे पडून राहिलो.

एके दिवशी त्यांचा मुलगा अजिनाथ याने मला उचललं आणि ड्रिलने छिद्रं पाडली. मला फार वाईट वाटलं. पण सुभद्राबाईंची सहा लिंबाची झाडं पिवळी पडत होती. तिथली चिकणमाती ओली झाली की फुगते, पाण्याला वाट देत नाही. उतारावरून झिरपलेलं पाणी मुळांशी साचायचं आणि मुळांना हवा मिळायची नाही. अजिनाथने झाडांच्या वरच्या अंगाला आडवा चर खणला, पावलामागे बोटभर उतार दिला आणि मला खडीत पुरलं.

श्रावणात झड लागली. मी छिद्रांतून पाणी ओढून बागेशेजारच्या ओढ्यात सोडू लागलो. ते पाहून सुभद्राबाई थबकल्या.

"हंडे वाहून टाळू झिजली माझी, आन ह्यो पानी फेकून देतोय!" असं म्हणत त्यांनी माझ्या तोंडात लुगड्याचा बोळा कोंबला.

आठ दिवस मी तुंबून राहिलो. माझ्याच छिद्रांतून पाणी परत मुळांकडे गेलं. एका लिंबाची सगळी पानं गळाली. अजिनाथने ते उपटलं. मुळ्या काळ्या, बुळबुळीत.

"आई, वास घे. बोळा कावून घातलास?"

"पानी वाया चाललं व्हतं."

"आन ह्ये झाड?"

सुभद्राबाईंनी येऊन स्वतः बोळा उपसला. मग म्हणाल्या, "पर वढ्याला न्हाई देनार मी पानी. खाली खड्डा घे."

अजिनाथने बागेच्या तळाशी खड्डा घेतला आणि माझं पाणी त्यात वळवलं. मुळं कुजवणारी तीच चिकणमाती तिथे पाणी धरून ठेवते. माघात सुभद्राबाई त्यातलंच पाणी कळशीने उरलेल्या पाच झाडांना घालतात. सहाव्या जागी त्यांनी नवं रोप लावलं आहे.

दरवर्षी पावसाआधी त्या काडीने माझ्या तोंडातला गाळ काढतात. "गळक्या, नीट गळ बरं," म्हणतात.

मित्रांनो, मातीखालच्या पाईपकडे सहसा कुणी पाहत नाही. तुमच्या बागेत असा कुणी असेल, तर पावसाआधी एकदा वाका आणि त्याचं तोंड मोकळं आहे का ते पाहा. सुभद्राबाईंचे गुडघे लई दुखतात, तरी त्या वाकतात.