गरम चाकांवर गार पाणी

पोखरेटारच्या गाडीस्टँडवर ड्रायव्हर युनियनचा सेक्रेटरी टंकनाथ शर्मा याने भर सकाळी, प्रवाशांच्या देखत सांगून टाकलं, की हर्कबहादूर सुब्बाने तिस्ता नदीच्या उतरणीवरची पाळी आता सोडावी.

"वय झालं हो. ब्रेक मारताना स्टिअरिंगवर हात लटलटतात. गुरुंग मास्तर पुढच्या सीटवर होते, त्यांनी स्वतः पाहिलं. दशैंचा सण होऊ द्या, मग तुमची पाळी दुसऱ्याला."

तीस वर्षं हर्कबहादूर ती उतरण उतरत होता. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला थेट नदी, आणि इतक्या वर्षांत प्रवाशाच्या केसाला धक्का नाही. आणि हे सांगतंय कोण, तर टंकनाथ! ज्याला क्लच आणि ब्रेक यातला फरक हर्कबहादूरनेच शिकवला, तो!

हर्कबहादूरची मुलगी रोमिला शाळेची व्हॅन चालवते. समोरच्या चहाच्या टपरीवर तिने हे ऐकलं आणि तिच्या अंगाचा तिळपापड झाला. ग्लास तसाच ठेवून ती तरातरा आली.

"टंक दाजू, लाज नाही वाटत? चार लोकांत सांगायची गोष्ट आहे ही?"

"बहिनी, मला काय हौस आहे का? दहा जीव असतात गाडीत. उद्या काही झालं तर तूच माझी गचांडी धरशील."

त्यात खोटं काही नव्हतं, म्हणून तर ती आणखीनच भडकली. पण खरी आग लागली ती वडिलांकडे पाहून. म्हाताऱ्याने चहाचा ग्लास दोन्ही हातांनी धरला होता. एका हाताने धरला आणि सांडला तर, ही भीती! म्हणजे यांना ते पटलंसुद्धा होतं.

रविवारी शाळेला सुट्टी. रोमिलाने खुंटीवरची किल्ली काढली आणि वडिलांना, तिच्या आपांना, शेजारच्या सीटवर बसवलं. दोन वर्षांपूर्वी जुनी जीप विकून घेतलेली ही धिप्पाड गाडी. दहा माणसं, टपावर बटाट्याची पोती, वर कुणाचं तरी बकरू, असा संसार रोज घेऊन ही खाली उतरायची. वर्षभरात पुढचे ब्रेक पॅड तीनदा बदलून झाले होते, तरी थोड्याच दिवसांत पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

पहिल्या मोठ्या वळणावर रोमिलाने ब्रेक दाबला. स्टिअरिंग तिच्या हातात थरथरायला लागलं. पाय काढला, गप्प. पुन्हा दाबला, पुन्हा थरथर.

"आपा, माझे हात बघा!"

हर्कबहादूरने पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. "अगं बाई, तुलाही लागलं का हे? आपल्या घराण्यातच आहे वाटतं."

"कसलं घराणं! मला पस्तिशीत म्हातारपण आलं का? गाडी थरथरतेय आपा, गाडी! आणि ते शहाणे तुम्हाला घरी बसवायला निघालेत!"

तशीच हळूहळू तिने गाडी खाली आणली. उतरण संपते तिथे देवीथान आहे, आणि शेजारी बर्फासारख्या गार पाण्याची धारा. हर्कबहादूर नेहमीप्रमाणे उतरला. तांब्या भरून त्याने एकेका चाकावर पाणी ओतलं, पुढच्या चाकांवर जरा जास्तच. चर्रर्र करून वाफेचा लोट उठला. त्याने हात जोडले. त्या रस्त्याचे सगळे ड्रायव्हर हे करतात. आवाज जितका मोठा, तितकी देवी प्रसन्न, असं मानतात. हर्कबहादूरच्या गाडीचा आवाज सगळ्यांत मोठा, आणि त्याचा त्याला केवढा अभिमान!

सिलिगुडीत बिस्वासबाबूंच्या दुकानात जाताच बाबूंनी खोकं काढून काउंटरवर ठेवलंदेखील.

"या दिदी. पॅडच ना? हे मऊ घ्या, अजिबात आवाज करत नाहीत."

"आधी चाक काढा," रोमिला म्हणाली.

चाक निघालं. आतली डिस्क म्हणजे लोखंडी ताटच, पॅड जिला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरून चाक थांबवतात. ती गुळगुळीत हवी. हिच्यावर निळे-काळे डाग होते आणि केसांसारख्या बारीक चिरा. बाबूंनी चाक नसलेला तो भाग हाताने फिरवला, तर डिस्क पॅडला कुठे घासे, कुठे घासतच नसे.

"वाकडी झालीय. पाय दिला की थरथरणारच."

"मग तीनदा पॅड विकलेत, तेव्हा डोळे काय गहाण ठेवले होते?"

"दिदी, तुम्ही पॅड मागितले, मी पॅड दिले." बाबू चिरांवरून बोट फिरवत म्हणाले, "पण ही अशी चिरते कशी? गरम असताना कुणी गार पाणी मारतं का हिच्यावर?"

रोमिलाने वडिलांकडे पाहिलं. हर्कबहादूर गाडीच्या पायरीवर मटकन बसला.

"जुन्या जीपवर अठ्ठावीस वर्षं घातलं," तो पुटपुटला. "तिला काही झालं नाही."

"तिचे ब्रेक डब्यात बंद होते," बाबू म्हणाले. "पाणी आत जातंय कुठे! ही उघडी आहे. तापलेल्या तव्यावर पाणी ओतल्यासारखं झालं हे."

रोमिलाला कुणावर ओरडावं ते कळेना. रोज त्या धारेवर वीस ड्रायव्हर उभे असतात, आणि एकालाही शंका येऊ नये? आणि तिला स्वतःला? वाफ पाहून लहानपणापासून टाळ्या वाजवत आलेली ती!

तेवढ्यात बाप हळूच म्हणाला, "म्हणजे रोमिला, माझे हात ठीक आहेत?"

ती गर्रकन काउंटरकडे वळली.

"जुनी डिस्क घासून सपाट करून देतो," बाबू म्हणाले. "काम स्वस्तात होईल."

"घासली की पातळ होणार, पातळ झाली की लवकर तापणार. आमची उतरण पाहिलीत का कधी? दोन्ही बाजूंच्या नव्या द्या, जाड, मधून वारा खेळणाऱ्या. आणि पॅड ते मऊ नकोत. भरलेल्या गाडीचे, कडक द्या."

"ते सकाळी गार असताना किंचाळतात."

"किंचाळू देत. आमच्या घरात सकाळी सगळेच किंचाळतात."

नवे ब्रेक लागले. पहिले काही दिवस पाय हलका ठेवा, रुळू द्या, असं बाबूंनी बजावलं होतं, ते हर्कबहादूरने मुकाट्याने पाळलं. मग एका बाजाराच्या दिवशी गाडी खचाखच भरून तो उतरला. मुद्दाम गुरुंग मास्तरांना पुढे बसवलं, आणि मागे टंकनाथ. व्हॅन शाळेत लावून रोमिलाही टपावरच्या पोत्यांना टेकून आली होती.

देवीथानाशी गाडी थांबली. वाटभर स्टिअरिंग थरथरलं नव्हतं; मास्तर त्याच्याकडे पुन्हा एकदा बघून उतरले. हर्कबहादूरने तांब्या धारेखाली धरला आणि पार काठोकाठ भरला. बाकीचे ड्रायव्हर वाफेची वाट पाहत उभे राहिले.

तो चाकांपाशी गेलाच नाही.

"हर्क काका, चाकं राहिली!" टंकनाथ ओरडला. "देवी कोपेल!"

"देवीने कधी मागितलं होतं रे चाकांवर?" हर्कबहादूर इतक्या मोठ्याने कधी बोलला नव्हता. "आपणच ओततो, आपणच गाड्या नासवतो, आणि वर म्हाताऱ्याला म्हणतो हात थरथरतात! चाकं निवू देत, चहा घ्या. पाणी जिचं तिला देतो मी."

धारेपासून थानापर्यंत ओल्या दगडी पायऱ्या आहेत, चांगल्या उभ्या. तांब्या एकाच हातात, छातीच्या उंचीला धरून म्हातारा सगळ्यांच्या समोरून चढत गेला. टंकनाथ त्याच्या मागोमाग पायऱ्यांकडे बघत चालला होता.

वर पोचून हर्कबहादूरने तांब्या तसाच त्याच्यापुढे धरला.

"बघ. सांडलंय का कुठे?"

टंकनाथने पाहिलं. पाणी काठाला लागून होतं.

"नाही, काका."

"मग हे मास्तरांसमोर, खाली जाऊन, मोठ्याने सांग," हर्कबहादूर म्हणाला, आणि पाणी देवीच्या पायांवर ओतलं.