पडद्यामागचा प्रश्न

चिनी औषधांच्या त्या दुकानातला वैद्य म्हातारा होता, जवळजवळ बहिरा होता आणि एका बाबतीत भलताच कडक होता. माणूस दुसरं कुठलं औषध घेतो हे कळल्याशिवाय तो तराजूला हात लावत नसे. फार वर्षांपूर्वी रक्त पातळ करायच्या गोळ्या घेणाऱ्या एकाला त्याने न विचारता मुळ्या दिल्या होत्या. तो माणूस कसाबसा वाचला आणि वैद्याने कानाला खडा लावला. तेव्हापासून चिठ्ठीवर ‘इतर औषधं’ असा एक रकाना आला.

पण बाया म्हाताऱ्याला काय सांगणार? सांगायचं तर ओरडून, म्हणजे बाकावर बसलेल्यांची फुकटची करमणूक. म्हणून बायकांना विचारायचं काम पुडे बांधणाऱ्या बाईकडे आलं. ती त्यांना पडद्यामागे न्यायची, हळूच विचारायची आणि रकाना भरायची. पाळणा लांबवायची गोळी चालू आहे असं कुणी सांगितलं की वैद्य काही खण बंदच ठेवायचा, नाहीतर “आधी तुमच्या डॉक्टरीणबाईंना विचारून या” म्हणून रिकाम्या हाती परत पाठवायचा. आठ वर्षं ती हे काम डोळ्यांत तेल घालून करत होती. तिला त्याचा जरा तोराही होता, आणि तो असायला काही हरकत नव्हती.

मग एक दिवस तिची आई सुनेला घेऊन दुकानात आली.

ही सून, म्हणजे तिची वहिनी, बसमध्ये तिकिटं तपासायची. पोर पाच वर्षांची झाली तरी घरात दुसरा पाळणा हलत नाही म्हणून आईने हाय खाल्ली होती. हलणार कुठून? वहिनी तीन वर्षं गोळी घेत होती. भावाला ते ठाऊक होतं, पण आईसमोर मिठाची गुळणी धरून बसायची त्याला जन्मापासूनची सवय.

“दुसरं काही औषध चालू आहे?” पडद्यामागे तिने सवयीने विचारलं.

“गोळी चालू आहे गं,” वहिनी कुजबुजली. “बस चालवायच्या प्रशिक्षणाला माझी निवड झालीय. दोन महिन्यांनी डॉक्टरी तपासणी. यंदा हुकलं तर वय निघून जाईल, मग जन्मभर तिकिटंच बघायची. कुणाला बोलू नकोस हं.”

“नाही बोलत.”

पेन हातातच राहिलं. चिठ्ठी पुड्याला टाचून घरी जायची आणि आई तिच्यातलं अक्षर न् अक्षर वाचणार. वैद्याला तोंडी सांगावं तर ओरडावं लागणार, आणि आई बाकावर कान टवकारून बसलेली. हे सगळं खरं होतं. पण आणखी एक गोष्ट होती आणि ती तिची तिला पक्की ठाऊक होती. चालकांना डेपोजवळ घरं मिळायची. वहिनी, भाऊ आणि पोर तिकडे गेले की या घरात उरणार कोण? आई आणि ती. नवऱ्याला सोडून ती माहेरी आली तेव्हापासून आईचे निम्मे टोमणे वहिनी स्वतःच्या अंगावर घेत आली होती.

तिने रकान्यात लिहिलं, ‘काही नाही’.

“विचारलंस का?” वैद्य ओरडला.

“विचारलं!” तीही ओरडली. त्याने निश्चिंतपणे खण उघडले.

निदान घरी गेल्यावर तरी सांगायचं. राहायचं एकाच घरात, सांगायला शंभर संधी मिळाल्या. आज सांगू, उद्या सांगू करत तिने प्रत्येक संधी घालवली. रोज सकाळी आई काढा उकळायची आणि पेला रिकामा होईपर्यंत वहिनीसमोर खांबासारखी उभी राहायची. वहिनी नाक दाबून प्यायची आणि आईच्या पाठीमागे नणंदेला डोळा मारायची. हिचं रोजचं कामच हे, धोका असता तर बोलली असती, असं ती बिचारी धरून चालली होती.

दीड महिन्याने वहिनीला मळमळायला लागलं.

“गोळी चुकली होती का?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

“एकही नाही.”

“दुसरं काही घेत होतात?”

वहिनीने काढ्याचं सांगितलं. बाईंनी पेन खाली ठेवलं. “त्यानेच झालं असं छातीठोक नाही सांगता येणार. पण काही वनस्पतींनी गोळीचा जोर उतरतो. आम्हालाही सांगायला हवं होतं आणि तिकडेही. तिकडे सांगितलं नव्हतं?”

“सांगितलं होतं,” वहिनी म्हणाली.

काढा लागू पडला म्हणून आईने अख्ख्या इमारतीला बातमी दिली. प्रशिक्षणाच्या कचेरीने यंदा घेता येत नाही असं दोन ओळींत कळवून टाकलं. मूल नको असं वहिनीने बोलून दाखवलं, तर घरात असा कल्लोळ झाला की तिने त्या विचारावर पाणी सोडलं. “आई किती खूश आहे बघ,” भाऊ म्हणाला. आयुष्यात एकदा तोंड उघडलं, ते यासाठी.

दुसऱ्या दिवशी दुपारी आई शेजारी गेली होती. वहिनी तिकीट तपासायच्या गणवेशाला इस्त्री करत होती. नणंद दारात येऊन उभी राहिली.

“वहिनी, तूच म्हणालीस, कुणाला बोलू नको.”

“लोकांना बोलू नको म्हटलं होतं. तुझं काम करू नको म्हटलं नव्हतं.”

वहिनीने इस्त्री उभी केली.

“मला एकच सांग. विसरलीस, की गप्प बसलीस?”

“विसरले,” ती झटकन म्हणाली.

वहिनीने मान हलवली. पटलंय असंच वाटलं. मग बाही सारखी करत तिने सहज विचारलं, “आठ वर्षांत आणखी किती जणींचं लिहायचं विसरलीस?”

“एकीचंही नाही,” ती ताठ मानेने म्हणाली, आणि मग तिला कळलं आपण काय बोललो ते.