अर्धी भरलेली पट्टी

चालत्या अवजाराला कुंकू लावायचं नाही, हे कृष्णाबाईला कुणी शिकवलं नव्हतं. तिनं ते पाहिलं होतं. खंडेनवमीला विरारजवळच्या निर्मळ गावातल्या त्यांच्या फुलांच्या वाडीत विहिरीवरचा पंपसुद्धा गप्प बसायचा. कोयता, फावडं, फुलं तोलायचा काटा, लेकाची स्कूटर, सगळं धुऊन पुसून ओटीवर मांडायचं आणि मग हळदकुंकू. वर्षभर राबणाऱ्यानं एक दिवस टेकावं की नाही?

दोन हजार नऊच्या खंडेनवमीला या पंगतीत एक नवा पाहुणा आला होता. सुनेचा कॉम्प्युटर.

सून विनया विरारच्या फ्लॅटात वाढलेली, नोकरदार बापाची लेक. लग्नाला दीड वर्ष झालं होतं. गावातल्या फूलवाल्यांच्या मंडळाची वेबसाइट तीच चालवायची. मोगऱ्याचे, चाफ्याचे, झेंडूचे फोटो, आणि खाली मुंबईच्या लग्नाच्या हॉलवाल्यांनी फुलांची मागणी लिहायची जागा. कृष्णाबाई त्या यंत्राला तोंडावर ‘डबा’ म्हणायची आणि बाहेर बायकांत मिरवायची, "आमची फुलं डब्यात टवटवीत दिसतात. तुमची टोपलीत मान टाकतात."

त्या सकाळी विनया घाईनं उठली. "आई, साइटच्या नव्या फाइली चढतायत. ही निळी पट्टी पूर्ण भरेपर्यंत हात लावू नका हं. मी टेम्पोत टोपल्या ठेवून येते."

पट्टी गोगलगायीसारखी सरकत होती. मुहूर्त टळत चालला होता. कृष्णाबाईनं आरतीचं ताट हातात धरून वाट पाहिली, मग तिचं डोकं तापलं. आजच्या दिवशी पंप थांबतो, काटा थांबतो, हा कोण लागून गेला राजा? तिनं भिंतीवरचं बटण खाली केलं. पडदा काळा झाला. मग शांतपणे त्याच्या कपाळावर कुंकू लावलं आणि झेंडूची माळ घातली.

विनया परत आली ती माळ बघून हसलीच. "पट्टी भरली होती ना, आई?"

"भरली की. मंगच बंद केला."

जीभ सहज वळली. आपण खोटं बोललो असं तेव्हा वाटलंसुद्धा नाही. डब्यापुढं कसलं आलंय खरं-खोटं!

दसऱ्याला विनयानं साइट उघडली तर फुलं गायब. पांढऱ्या पडद्यावर एकच ओळ: ‘दुरुस्तीचं काम चालू आहे, थोड्या वेळानं या.’ थोडा वेळ गेला. दुपार गेली. ओळ जागची हलेना.

विनयाकडे एक वही होती. साइट कशी कशी रुसते आणि तिची समजूत कशी काढायची, ते तिनं त्यात लिहून ठेवलं होतं. फोटो चढत नसेल तर तो लहान करा. आत शिरता येत नसेल तर पासवर्ड बदला. पान कोरं दिसलं तर शेवटी काय जोडलं ते काढून बघा. तिनं वहीतला एकेक उपाय केला. आधी जोडलेलं एकेक काढलं, मग परत जोडलं. साइटची जागा ज्या कंपनीकडे घेतली होती तिथं फोन लावला. ते म्हणाले, आमच्याकडे सगळं ठीक आहे.

"तुझा डबा बिघडला का गं?" कृष्णाबाईनं विचारलं.

"नाही हो. माझंच काहीतरी चुकलंय. काय ते सापडत नाही."

हे ऐकलं आणि कृष्णाबाईच्या हातातला चहा तसाच राहिला. खोटं बोलणाऱ्याच्या हातचं पाणी मी पीत नाही, असं ती आयुष्यभर छातीवर हात ठेवून सांगत आली होती. वाडीतल्या एका मजुरणीला तिनं एका कोयत्यावरून, तो मीच हरवला हे कबूल केलं नाही म्हणून, कामावरून काढलं होतं. आता स्वतःच्या हातचं पाणी कसं प्यायचं?

सांगावं तर कुणाला? सुनेला? दीड वर्ष जिला ‘तुला शेणात हात घालता येत नाय’ म्हणून आपण बोलत आलो, तिच्यापुढं मान खाली घालायची? त्यापेक्षा डबा आपोआप सुधारेल. ताप नाही का उतरत?

तिसऱ्या दिवशी विनयानं पडद्यावरची सुकलेली माळ अलगद काढली आणि केराच्या डब्यात न टाकता विहिरीकाठच्या केळीच्या बुंध्याशी ठेवून आली. आईंना वाईट वाटू नये म्हणून. कृष्णाबाईनं ते खिडकीतून पाहिलं. त्या दुपारी तिनं भरलं ताट तसंच सरकवलं.

संध्याकाळी काशीराम आला. नात्यानं तो तिचा धाकटा दीर आणि मंडळाचा अध्यक्ष. बरोबर शेजारच्या वाडीचा युजीन होता, त्याचा मोगरा साऱ्या गावात नावाजलेला.

"वयनी, दिवाळी तोंडावर आली," काशीराम ओटीवर टेकत म्हणाला. "हॉलवाले फोन करून विचारतात, तुमी फुलं लावायची सोडली काय? विरारला एक दुकानवाला हाय, तो साइट सांभाळल. सूनबाय, त्या आत शिरायच्या किल्ल्या लिवून दे."

"विनयाबाईंनी मेहनत केली हो," युजीन अवघडून म्हणाला. "पण आता थांबून चालणार नाही."

"झेपत नाय तर नाय," काशीराम म्हणाला. "शहरातली पोर, तिला फुलांची काय घाई कळनार?"

एरवी कृष्णाबाईनं या बोलण्यावर दिराची सालटी काढली असती. आज ती सुनेच्या वहीकडंच बघत राहिली. विनयानं वहीतलं एक पान फाडलं आणि पासवर्ड लिहायला घेतला. पानावर एक थेंब पडला, तो तिनं अंगठ्यानं पुसला.

"थांब," कृष्णाबाई म्हणाली.

सगळे तिच्याकडं वळले.

"ती पट्टी भरली नव्हती."

"कुठली पट्टी, वयनी?"

"तू गप रे. तुला नाय सांगत." ती सुनेकडंच बघत होती. "खंडेनवमीला मी बटन खाली केलं. काम चालू होतं. आनि तुला भरली म्हनून सांगितलं."

विनयाचा चेहरा आधी पांढरा पडला. मग ती पुढं सरकली, पण तिचा प्रश्न भलताच निघाला.

"किती भरली होती?"

"अर्ध्याला पोचली असल. चार बोटं उरली होती."

विनया उठून आत गेली. तिच्या मागं सगळेच गेले. "म्हणजे निम्म्या फाइली नव्या, निम्म्या जुन्या," ती स्वतःशीच पुटपुटत होती. "आणि फाइली चढताना आपोआप लागते ती दुरुस्तीची पाटी तशीच लटकून राहिली. मी सगळीकडे शोधलं, इथंच नाही बघितलं. तुम्ही भरली म्हणालात ना." शेवटचं वाक्य तिनं रागानं म्हटलं नाही. तेच जास्त लागलं.

तिनं राहिलेल्या फाइली पुन्हा चढवायला लावल्या. निळी पट्टी सरकू लागली. कृष्णाबाई भिंतीवरच्या बटणाला पाठ लावून उभी राहिली. काशीराम पंख्याच्या बटणाकडं हात न्यायला लागला तर ओरडली, "एकालाबी हात लावायचा नाय!"

पट्टी भरली. विनयानं दुरुस्तीची पाटी काढून टाकली, पान पुन्हा उघडलं, आणि पडद्यावर युजीनचा मोगरा फुलला.

"आला माझा मोगरा!" युजीन टाळी वाजवून म्हणाला. काशीरामनं ते फाडलेलं पान चुरगाळून खिशात घातलं. "वयनी, चाळीस वर्षांत पयल्यांदा तुमी चुकल्या म्हनालात," जाताना तो बोललाच. ती उत्तर द्यायला थांबली नाही.

ते गेल्यावर विनया वही उघडून लिहीत बसली. कृष्णाबाई दारातून म्हणाली, "काय लिवतेस? वाच."

विनया घुटमळली. "काम अर्धं असताना वीज गेली तर..."

"वीज नव्हती गेली."

"राहू दे ना, आई."

"खोड त्ये. कृष्णाबायनं बटन बंद केलं, असं लिव. उद्या दुसऱ्या कोनी वही उघडली तर खऱ्या जागी शोधल."

विनयानं ओळ खोडली आणि नवी लिहिली. कृष्णाबाईला वाचता येत होतं ते एवढंच, स्वतःचं नाव. तिनं वही हातात घेतली, बोट ओळीवरून फिरवत नेलं आणि ते नाव सापडेपर्यंत खाली ठेवली नाही.