मृत्यूसाठी अर्धं अंथरूण

दीड वर्षापूर्वी सख्ख्या ताईने दुसऱ्या शिंप्याकडे कोट शिवायला टाकला, तेव्हापासून शिंपीणबाईंनी तिच्याशी अबोला धरला होता. कोट म्हणे अंगाबरोबर बसला होता. तेच तर दुखणं.

त्या दिवशी एका गिऱ्हाइकाला जुन्या धर्तीची बाही हवी होती, म्हणून बाईंनी माळ्यावरून कागदी नमुन्यांची पेटी उतरवली. चाळीस वर्षांचे गळे, कॉलर, बाह्या. त्यातली एक बाही वहीच्या कागदाची निघाली. तिच्यावर निळ्या शाईत कविता होती, आणि अक्षर त्यांचंच होतं.

‘हे मृत्यो, ये, उघडे आहे दार,
रिते अर्धे अंथरूण, रिता संसार.’

बाई हसता हसता स्टुलावरच टेकल्या. सोळाव्या वर्षी त्यांचा संसार म्हणजे दोन रिबिनी आणि टोक मोडलेली कात्री. मृत्यूला आवतण देणारी ही शूर कन्या पाल दिसली तरी खाटेवर चढायची. आणि दार उघडं म्हणे! बाईंनी जन्मभर दाराला दोन कड्या घातल्या होत्या.

हसू ओसरलं, पण एक गोष्ट टोचत राहिली. मृत्यूला अर्धं अंथरूण कशाला लागतं?

त्यांनी कागद उलटला. मागे पेन्सिलीने लिहिलं होतं: ताईची चोळी. दंड साडेदहा इंच. लग्नाआधी द्यायची.

म्हणजे तेव्हा ताई अजून घरात, शेजारीच घोरत होती, आणि कवयित्रीबाई तिची जागा रिकामी करून मोकळ्या झाल्या होत्या. ‘जाऊ नकोस’ एवढं म्हणायला जीभ रेटली नाही, म्हणून थेट मृत्यूला साकडं. वर त्याच कवितेची बाही कापून ताईला सासरी पाठवायची तयारीही स्वतःच केली. आता पंचावन्नाव्या वर्षी तरी काय वेगळं चाललं होतं? मृत्यूऐवजी कोट पुढे केला, इतकंच.

त्यांनी फोन लावला. आवाज ओळखून ताई दबकत म्हणाली, “कोण गेलं गं?”

“कुणी नाही. तुझी आठवण येते.”

पलीकडे बराच वेळ नाक ओढल्याचा आवाज.

“उद्या येऊ?”

“ये. कोट घालून ये. बाही बघायची आहे मला.”

“बाही चांगली आहे हो.”

“म्हणूनच बघायची आहे.”

संध्याकाळी बाईंनी दुसरी उशी काढली आणि स्वतःची अगदी कडेला सरकवली. कवितेत एक थाप होतीच. ताईला अर्धं अंथरूण कधीच पुरलं नव्हतं, पाऊण लागायचं.